कंपनाचा स्पेक्ट्रम कसा वाचावा: मेंटेनन्समध्ये नव्याने आलेल्यांसाठी

वाळूज, शेंद्रा किंवा चिकलठाण्याच्या एमआयडीसीत मेंटेनन्स विभागात रुजू झालेल्या नव्या मुलाच्या हातात एक दिवस कंपन मोजणारे उपकरण दिले जाते, त्याच्या पडद्यावर उभ्या रेषांचे रान दिसते आणि वरिष्ठ विचारतात, "काय म्हणतेय मशीन?" मीही असाच उभा राहिलो होतो. पहिले वर्षभर मी सर्वांत उंच रेषा शोधायची आणि भिंतीवरच्या दोषांच्या तक्त्याशी ती जुळवायची, एवढेच करत होतो. त्यातून जे चुकले ते पुन्हा कोणाचे चुकू नये म्हणून हे लिहीत आहे. स्पेक्ट्रममुळे संशयितांची यादी लहान होते, पण उरलेल्यांतून खरा दोषी ओळखायला यंत्राजवळच जावे लागते, हे धरून पुढच्या पायऱ्या वाचाव्यात.

स्पेक्ट्रम म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. भजनात पखवाज, टाळ आणि पेटी एकाच वेळी वाजत असतात, तरी कान त्यांना वेगवेगळे ओळखतो. बेअरिंगच्या घरावर लावलेल्या सेन्सरलाही असमतोल, कपलिंग, गिअर आणि बेअरिंग यांची कंपने एकत्रच मिळतात, आणि उपकरण गणिताने त्यांची वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींमध्ये विभागणी करते. हे गणित झटपट करण्याची जी रीत १९६५ मध्ये कूली आणि टुकी यांनी प्रसिद्ध केली, तिच्यामुळेच ते आज हातातल्या उपकरणात काही सेकंदांत होते. आडव्या अक्षावर फ्रिक्वेन्सी असते आणि उभ्या अक्षावर त्या फ्रिक्वेन्सीला कंपन किती आहे ते असते.

सुरुवातीला जवळ काय हवे

कागदपत्रे: मोटरच्या नेमप्लेटचा फोटो, यंत्राचे ड्रॉइंग, बेअरिंगचे क्रमांक, गिअरच्या दातांची संख्या, पंख्याच्या किंवा इम्पेलरच्या पात्यांची संख्या, पुलींचे व्यास व बेल्टची लांबी, आणि मागची मोजमापे असतील तर ती. बेअरिंगचा क्रमांक ड्रॉइंगवरून घेऊन थांबू नये. शेवटचे बेअरिंग कोणते बसवले हे स्टोअरच्या इश्यू रजिस्टरमध्ये पाहावे, कारण ऐन हंगामात जे मिळाले ते बसवले, असे आपल्याकडे नेहमी घडते.

साधने: उपकरण, साधारणपणे १०० मिलिव्होल्ट प्रति जी (जी म्हणजे गुरुत्वीय त्वरण) संवेदनशीलतेचा, त्वरण मोजणारा अ‍ॅक्सेलरोमीटर, सपाट किंवा दोन पायांचे चुंबक, फेरे मोजायचा टॅकोमीटर आणि शक्य असल्यास स्ट्रोब, पॉलिश पेपर, रंगाचा मार्कर आणि वही. सैल बाहीचा शर्ट, गळ्यातला गमछा आणि लोंबणारी केबल फिरत्या शाफ्टजवळ नेऊ नये, आणि सेन्सर लावायला सोयीचे म्हणून कपलिंगचे गार्ड काढू नये.

पायरी १: यंत्राची कुंडली मांडा

उपकरण सुरू करण्यापूर्वी वहीत यंत्राचे रेखाचित्र काढावे आणि कोणत्या फ्रिक्वेन्सी दिसू शकतात ते आधीच मांडून ठेवावे. सर्व गणिताचा पाया म्हणजे शाफ्टचा वेग. मिनिटाचे फेरे भागिले ६० म्हणजे हर्ट्झमधला वेग, आणि त्याला आपण १ एक्स म्हणतो. चार पोलच्या मोटरचा सिंक्रोनस वेग ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर १५०० आरपीएम असतो, पण भारावर ती १४८० च्या आसपास फिरते, म्हणून १ एक्स २५ ऐवजी २४.६७ हर्ट्झ येतो. हा फरक किरकोळ वाटतो, पण दहाव्या पटीपर्यंत जाताना तो तीन हर्ट्झच्या वर जातो आणि तिथे तुम्ही एका शिखराला दुसऱ्याचे नाव देऊन बसता. म्हणून वेग नेमप्लेटवरून घेऊ नये, मोजमापाच्या वेळीच टॅकोमीटरने घ्यावा. मोटर व्हीएफडीवर, म्हणजे वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर असेल तर याला पर्याय नाही.

पायरी २: सेन्सर नीट लावा

माझ्या अनुभवात वाईट स्पेक्ट्रमचे मूळ बहुतेक वेळा इथे असते. सेन्सर बेअरिंगच्या घरावर, भार जिथून जातो तिथे शक्य तितका जवळ लावावा. पंख्याच्या पातळ पत्र्याच्या आवरणावर किंवा मोटरच्या कूलिंगच्या पंखांवर लावल्यास पत्र्याचे कंपन मोजले जाईल. प्रत्येक बेअरिंगवर आडव्या, उभ्या आणि शाफ्टच्या दिशेने, म्हणजे अक्षीय, अशी तीन मोजमापे घ्यावीत आणि त्या जागा रंगाने खुणावून ठेवाव्यात. रंगाच्या जाड थरावर मात्र चुंबक बसवू नये. तेवढी जागा पॉलिश पेपरने घासून घ्यावी.

हातात धरून टेकवलेली सेन्सरची सळई काहीशे हर्ट्झच्या पुढे विश्वासाची राहत नाही, चुंबक साधारण दोन हजार हर्ट्झपर्यंत चालते, आणि त्याच्या बरेच वर जायचे असेल तर स्टडने पक्का बसवलेला सेन्सर लागतो. चुंबक लोखंडावर थाडकन सोडू नये, एका कडेने टेकवून हळूच बसवावे, नाहीतर सेन्सरला बसलेल्या धक्क्यामुळे पुढचे मोजमाप काही वेळ बिघडते. स्पेक्ट्रमच्या अगदी डावीकडे, शून्याजवळून उतरत येणारा उंच उतार दिसला तर तो यंत्राचा दोष समजू नये. सैल चुंबक, हललेली केबल, सेन्सर स्थिरावण्याआधी घेतलेले मोजमाप ही त्याची नेहमीची कारणे आहेत, कारण कंपनाच्या त्वरणापासून कंपनाचा वेग काढताना कमी फ्रिक्वेन्सीची लहानशी चूकही फुगते.

पायरी ३: किती दूर पाहायचे आणि किती बारीक

उपकरण दोन गोष्टी विचारते: कमाल फ्रिक्वेन्सी किती आणि रेषा किती. कमाल फ्रिक्वेन्सी भागिले रेषा म्हणजे दोन शेजारच्या रेषांमधले अंतर. १००० हर्ट्झ आणि ४०० रेषा ठेवल्या तर ते अंतर २.५ हर्ट्झ होते, आणि त्याहून जवळची दोन शिखरे तुम्हाला एकच दिसतात. हॅनिंग विंडो, म्हणजे नमुन्याची दोन्ही टोके हळूहळू शून्यावर आणणारी सेटिंग, वापरली तर, आणि ती बहुतेक वेळा वापरावीच लागते, शिखर शेजारच्या रेषांवरही थोडे पसरते. म्हणून शिखरे वेगळी दिसायला प्रत्यक्षात याहून बरेच अधिक अंतर लागते.

बारीक पाहण्यासाठी वेळ द्यावा लागतो. रेषा भागिले कमाल फ्रिक्वेन्सी इतके सेकंद उपकरणाला ऐकावे लागते. २०० हर्ट्झ आणि १६०० रेषा म्हणजे एका नमुन्याला ८ सेकंद, आणि चार नमुन्यांची सरासरी घेतली तर अर्ध्या मिनिटाच्या वर. तेवढ्या वेळात भार किंवा वेग बदलला तर शिखर पसरट येते. सामान्य पंप-मोटर जोडीसाठी मी १००० हर्ट्झ आणि १६०० रेषांनी सुरुवात करतो, आणि गिअर असतील तर दातांच्या फ्रिक्वेन्सीची किमान तिप्पट मावेल इतकी मर्यादा वाढवतो.

पायरी ४: पडद्यावरचे माप आधी पाहा

आकृती पाहण्याआधी उभ्या अक्षावरचे आकडे वाचावेत. उपकरण प्रत्येक आलेख त्याच्या सर्वांत उंच शिखरानुसार ताणून दाखवते, त्यामुळे ०.३ मिमी प्रतिसेकंदाची रेषासुद्धा बालाघाटाच्या डोंगरासारखी दिसते आणि नवा माणूस घाबरून यंत्र बंद करायला सांगतो. त्याचबरोबर एकक आरएमएस (एक प्रकारची सरासरी) आहे की पीक (लहरीची कमाल उंची), हेही पाहावे. एका शुद्ध लहरीसाठी पीक हे आरएमएसच्या १.४१४ पट असते, आणि एका महिन्यात एक व दुसऱ्या महिन्यात दुसरे वापरले तर काहीही न बिघडता कंपन ४१ टक्क्यांनी वाढल्याचा अहवाल तयार होतो. मी असा अहवाल एकदा सहीनिशी दिलेला आहे.

किती म्हणजे जास्त, यासाठी आयएसओ १०८१६-३ आणि त्याच्या जागी २०२२ मध्ये आलेले आयएसओ २०८१६-३ ही मानके वापरली जातात. पक्क्या पायावर बसवलेल्या, १५ ते ३०० किलोवॉटच्या यंत्रांसाठी जुन्या मानकातल्या चांगले, चालण्याजोगे, फार काळ न चालवण्याजोगे आणि धोक्याचे या चार पट्ट्यांमधल्या सीमा १.४, २.८ आणि ४.५ मिमी प्रतिसेकंद आरएमएस अशा आहेत आणि लवचीक पायासाठी २.३, ४.५ आणि ७.१. हे आकडे एकूण कंपनाचे आहेत, एखाद्या शिखराचे नाहीत. शिवाय ०.५ मिमी प्रतिसेकंदाचे बेअरिंगचे शिखर कोणत्याही सीमेत आरामात बसते आणि तरीही ते बेअरिंग जाणार असते.

पायरी ५: १ एक्स शोधा, पण लगेच नाव देऊ नका

आता वहीतला वेग घेऊन १ एक्सचे शिखर शोधावे आणि त्याच्या दुप्पट, तिप्पट जागांवर खुणा कराव्यात. बहुतेक यंत्रांत सर्वांत उंच शिखर १ एक्सचेच असते, आणि तक्ता सांगतो, "१ एक्स म्हणजे असमतोल." इथेच सर्वांत मोठा सापळा आहे.

धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात, ऐन गळीत हंगामात, बॉयलरच्या आयडी फॅनवर, म्हणजे धूर ओढून बाहेर टाकणाऱ्या पंख्यावर, मला बोलावले होते. फॅन ९९० आरपीएमने फिरत होता आणि १६.५ हर्ट्झला एकच सरळ उंच रेषा होती. आडव्या दिशेने ९.५ मिमी प्रतिसेकंद, उभ्या दिशेने जेमतेम २. बगॅसच्या राखेचे थर पात्यांवर बसतात आणि असमतोल होतो हे मला ठाऊक होते, म्हणून मी पाती साफ करून घेतली, चाचणीची वजने लावली, आणि दोन पाळ्या खर्ची घालून कंपन ८ वर आणले. तिसऱ्या वेळी वजन लावायला निघालो तेव्हा तिथले जुने फिटर म्हणाले, "सायेब, हितं बोट ठेवून बघा." पेडेस्टल आणि बेसप्लेटच्या सांध्यावर बोट ठेवले तर दोन्ही भाग वेगवेगळे हलत होते. फाउंडेशन बोल्टखालचे ग्राउटिंग भुगा झालेले होते. ते नव्याने करून बोल्ट आवळल्यावर मोजमाप ३ च्या खाली आले.

ती खूण माझ्या मोजमापातच होती. शुद्ध असमतोलात आडवे आणि उभे कंपन एकमेकांपासून फार लांब नसते, आणि दोन्ही दिशांमधला फेज, म्हणजे एका फेऱ्यात कंपन ज्या कोनाला शिखर गाठते तो कोन, सुमारे ९० अंशांनी वेगळा असतो. एकाच दिशेने चौपट-पाचपट कंपन असेल आणि फेज जवळजवळ सारखाच असेल, तर पाया सैल असण्याचा किंवा रचना त्याच फ्रिक्वेन्सीला अनुनादात (स्वतःच्या नैसर्गिक फ्रिक्वेन्सीला जोरात हलत) असण्याचा संशय आधी घ्यावा. यंत्र बंद करून लाकडाच्या किंवा रबरी हातोडीने ठोका दिल्यावर रचनेची स्वतःची फ्रिक्वेन्सी दिसते. ती १ एक्सच्या अगदी जवळ असेल तर समतोल कितीही केला तरी दुखणे पुन्हा येणार.

मराठवाड्याच्या काळ्या मातीबद्दल इथे थोडे सांगितले पाहिजे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, आणि जिनिंगच्या किंवा डाळमिलच्या शेडमध्ये पाया मुरमापर्यंत न नेता मातीवरच घातलेला असेल तर मे महिन्यात केलेले अलाइनमेंट, म्हणजे दोन शाफ्ट एका रेषेत आणण्याचे काम, ऑगस्टमध्ये टिकेलच असे नाही. म्हणून मोजमापाची तारीख लिहिताना ऋतूही ध्यानात ठेवावा.

पायरी ६: २ एक्स आणि पुढच्या पटी

२ एक्सचे शिखर उंच असेल आणि अक्षीय दिशेने कंपन जास्त असेल तर कपलिंगचे मिसअलाइनमेंट तपासावे. कपलिंगच्या दोन्ही बाजूंचा अक्षीय फेज १८० अंशांच्या आसपास वेगळा आला तर संशय पक्का होतो. एक अपवाद लक्षात ठेवावा: पंखा बेअरिंगच्या बाहेर टांगलेला असेल तर नुसत्या असमतोलानेही अक्षीय कंपन वाढते. थंड यंत्रावर केलेले अलाइनमेंट गरम झाल्यावर बदलते, हेही विसरू नये. ३०० मिमी शाफ्टउंचीची मोटर ४० अंश सेल्सिअसने तापली तर पोलादाच्या हिशेबाने शाफ्ट सुमारे ०.१४ मिमी वर जातो, आणि डायल गेजवर ते अंतर मोठे आहे.

१, २, ३, ४, ५ एक्स अशी शिखरांची रांगच लागली असेल, मधूनमधून अर्ध्या पटीही डोकावत असतील, तर काहीतरी सैल आहे: बेअरिंग घरात फिरत असेल किंवा प्लमर ब्लॉकचे बोल्ट ढिले असतील. पाच पात्यांच्या इम्पेलरच्या पंपाला फक्त ५ एक्सचे शिखर असेल तर ते पात्यांचे असते, सैलपणाचे नसते.

दोन पोलच्या मोटरीत आणखी एक घोटाळा होतो. मोटर २९८० आरपीएमने फिरत असेल तर २ एक्स ९९.३३ हर्ट्झला येतो, आणि विद्युत चुंबकीय ओढीचे कंपन पुरवठ्याच्या दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झला. फरक फक्त ०.६७ हर्ट्झचा. अडीच हर्ट्झच्या रेषांवर ही दोन्ही शिखरे एकच दिसतात, आणि विजेच्या दोषासाठी लोक कपलिंग खोलून बसतात. २०० हर्ट्झ आणि १६०० रेषा ठेवल्यास ती वेगळी दिसतात. प्रक्रियेला चालत असेल तर वीज तोडून पाहावी: विजेचे शिखर क्षणात नाहीसे होते, यांत्रिक शिखर वेगाबरोबर हळूहळू उतरते. या चाचणीपुरत्या रेषा कमी ठेवाव्यात, नाहीतर आठ सेकंदांच्या नमुन्यात तो क्षणच हरवतो.

पायरी ७: पूर्ण पटीत न बसणारी शिखरे

१ एक्सच्या खुणा करून झाल्यावर जी शिखरे कोणत्याही पूर्ण पटीत बसत नाहीत त्यांच्याकडे वळावे. रोलिंग बेअरिंगचे दोष इथे भेटतात. बाहेरची रिंग, आतली रिंग, गोळी आणि केज (गोळ्यांना जागेवर धरणारा पिंजरा) अशा चार फ्रिक्वेन्सी असतात आणि त्या बेअरिंगच्या मापांवरून ठरतात. दीड किलोवॉटच्या आसपासच्या मोटरींत सर्रास दिसणारे ६२०५ घ्या. त्यात ९ गोळ्या असतात; बाहेरच्या रिंगचा गुणक ३.५८५, आतल्या रिंगचा ५.४१५ आणि केजचा ०.३९८. मोटर १४२० आरपीएमने फिरत असेल तर १ एक्स २३.६७ हर्ट्झ, बाहेरची रिंग ८४.८, आतली १२८.२ आणि केज ९.४ हर्ट्झ. गणित बरोबर आहे का हे पाहायला एक युक्ती आहे: दोन्ही रिंगांची बेरीज गोळ्यांच्या संख्येइतक्या १ एक्सएवढी आली पाहिजे, म्हणजे इथे २१३. कॅटलॉग हाताशी नसेल तर गोळ्यांची संख्या गुणिले ०.४ आणि गुणिले ०.६ असा ढोबळ अंदाज घेता येतो, पण त्यावरून अहवाल देऊ नये. दुसऱ्या कंपनीच्या त्याच क्रमांकाच्या बेअरिंगमध्ये गोळ्यांचे माप किंवा संख्या वेगळी असू शकते, तेही पाहावे.

प्रत्यक्षातले शिखर या आकड्यांपासून एखाद्या टक्क्याने हलते, कारण गोळ्या थोड्या घसरतात. एकच शिखर जुळले म्हणून बेअरिंग बदलायला सांगू नये. त्याच्या दुप्पट, तिप्पट जागांवरही शिखरे हवीत. आतल्या रिंगचा खड्डा फिरताना भाराखाली येतो-जातो, म्हणून तिच्या शिखराच्या दोन्ही बाजूंना १ एक्सच्या अंतरावर लहान शिखरे उभी राहतात. ती साइडबँड दिसली की प्रकरण गंभीर धरावे.

अगदी सुरुवातीचा दोष कंपनाच्या वेगाच्या स्पेक्ट्रममध्ये दिसतच नाही, तो त्वरणाच्या उच्च फ्रिक्वेन्सीत किंवा एन्व्हलप स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे उच्च फ्रिक्वेन्सीतले ठोके किती वेळाने येतात ते दाखवणाऱ्या स्पेक्ट्रममध्ये, दिसतो. उपकरणात सोय असेल तर तिन्ही घ्यावेत. शेवटच्या अवस्थेत उलटे घडते. खड्ड्यांच्या कडा घासून गुळगुळीत होतात, ठळक शिखरे बुटकी होतात आणि सगळ्या तळाचीच पातळी उचलली जाते. मागच्या महिन्यापेक्षा शिखर कमी झाले म्हणून समाधान मानायचे की घाईने बेअरिंग मागवायचे, हे तळाकडे पाहून ठरवावे.

पायरी ८: गिअर आणि बेल्ट

गिअरची फ्रिक्वेन्सी म्हणजे दातांची संख्या गुणिले त्याच शाफ्टचा वेग. १४८० आरपीएमच्या २३ दाती पिनियनवर ती ५६७.३ हर्ट्झ येते. ७१ दाती जोडीदार ७.९९ हर्ट्झने फिरतो. हे शिखर चांगल्या गिअरबॉक्समध्येही असते, त्याच्या उंचीपेक्षा त्याभोवतीच्या साइडबँडमधले अंतर मोजावे: ते २४.६७ हर्ट्झ असेल तर खोट पिनियनमध्ये आहे, ८ च्या जवळ असेल तर मोठ्या गिअरमध्ये.

बेल्टची फ्रिक्वेन्सी ३.१४ गुणिले पुलीचा व्यास गुणिले पुलीचे फेरे भागिले बेल्टची लांबी अशी काढतात. २०० मिमी पुली, १४४० आरपीएम आणि २५०० मिमी बेल्ट असेल तर ६ हर्ट्झ. एकूण कंपनाचे आकडे बहुधा १० हर्ट्झपासून पुढेच मोजले जातात, म्हणून हे शिखर त्या आकड्यात नसते. झिजलेल्या बेल्टची दुसरी पट, १२ हर्ट्झची, तेवढी सापडते.

पायरी ९: लिहून ठेवा

अहवालात वेग, भार, तारीख, मोजमापाची जागा व दिशा, कमाल फ्रिक्वेन्सी, रेषा आणि एकक लिहावे. त्यानंतर काय दिसले, मग त्यावरून काय वाटते, आणि खात्रीसाठी काय तपासावे, अशा तीन वेगळ्या गोष्टी वेगळ्या परिच्छेदांत लिहाव्यात. "बेअरिंग खराब" एवढेच लिहिले तर दुरुस्ती करणाऱ्याला ते कुठले आणि किती घाईचे हे कळत नाही. दुरुस्तीनंतर त्याच खुणांवर, शक्यतो त्याच भारावर पुन्हा मोजमाप घ्यावे. तेच पुढच्या वेळची तुलना ठरते.

काढलेले बेअरिंग भंगारात जाऊ देण्याआधी कापून घ्यावे आणि रिंगवर खड्डा कुठे सापडला त्याचा फोटो अहवालाला जोडावा. माझ्या फाइलमध्ये अंदाज चुकलेले अहवालही फोटोंसह लावलेले आहेत, आणि त्यांत सर्वांत वर त्या आयडी फॅनचा आहे.